पडद्यावर काय, वर्गात काय?

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद पडली, तेव्हा फळ्यावरचे व्याख्यान जसेच्या तसे संगणकाच्या पडद्यावर गेले. त्या संकटात ते क्षम्य होते. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने संमिश्र अध्यापनाचा मसुदा प्रसृत केला व अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्याची मुभा सुचविली. परंतु कोणते ४० टक्के, हे शिक्षकानेच सत्रारंभापूर्वी ठरवावयाचे असते.

आम्हा वैद्यकांना हा भेद नवा नाही. हृदयाच्या झडपांची रचना चित्रफितीत उत्तम समजते. विद्यार्थी ती दहादा पाहू शकतो. मात्र पोटावर हात ठेवून यकृत चाचपणे, भ्यालेल्या रुग्णाला बोलते करणे, हे बांबोळीच्या वॉर्डातच शिकावे लागते. विर्नोडा येथील संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालयात वाणिज्य शिकविणाऱ्यालाही हीच निवड करावी लागेल: व्याख्या व सोडविलेली उदाहरणे घरी, शंका आणि वादविवाद वर्गात.

मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली, म्हणून पेडण्याच्या प्रत्येक वाड्यावरील मुलाच्या हाती अखंड इंटरनेट आले, असे कोणी समजू नये. धडा दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत ध्वनिमुद्रित करावा, तो एकदाच उतरवून घेता यावा आणि सोबत छापील टिपण असावे. या तयारीला प्रत्यक्ष तासाहून अधिक वेळ लागतो. ती प्राध्यापकाने रात्री घरी बसून करावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. तिचे तास वेळापत्रकात मोजले गेले पाहिजेत.