विश्लेषण : थंडीत गाडी ‘गरम’ करायची, की लगेच निघायचे?

डिसेंबर-जानेवारीतली सकाळ. नाशिक, पुण्यात पारा आठ-दहा अंशांवर, निफाडकडे त्याहूनही खाली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये साडेसहा वाजता एक मोटार सुरू होते आणि तशीच धडधडत उभी राहते. मालक वर जाऊन चहा घेतो, डबा घेतो, चपला घालतो. ‘गाडी जरा गरम होऊ दे’ हे त्यामागचे साधे तत्त्वज्ञान. वडिलांनी स्कूटरवर शिकवलेले, गॅरेजवाल्याने दुजोरा दिलेले. एके काळी ते बरोबरही होते. आज मात्र दहा मिनिटांच्या या ‘गरम करण्या’तून गाडीचे भले होत नाही, पेट्रोल जळते आणि तळमजल्यावरच्या घरात धूर शिरतो.

ही सवय आली कुठून?

कार्ब्युरेटरमधून. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. थंड हवेत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. ते थेंबांच्या रूपात नळीच्या आणि सिलिंडरच्या भिंतींना चिकटून राहते. त्यामुळे थंड इंजिनाला नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल पाजावे लागते. कार्ब्युरेटरला बाहेर किती थंडी आहे हे कळण्याची सोय नव्हती. ते काम चालकाने करायचे, म्हणजे चोक ओढायचा. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जाई, इंजिन पेट घेई. मग ते स्थिरावेपर्यंत थांबायचे आणि चोक आठवणीने बंद करायचा. घाई केली तर पहिल्याच वळणावर गाडी बंद पडे. स्कूटर एका बाजूला तिरकी करून, मग किक मारणारी पिढी अजून हयात आहे. तिच्यासाठी थांबणे ही गरज होती.

त्या काळचे २०डब्ल्यू-५० सारखे ऑइलही थंडीत जाडसर होई. इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत पोहोचायला ते वेळ घेई. म्हणजे थांबण्याला दुहेरी कारण होते.

मग बदलले काय?

मोटारींमध्ये साधारण २००० पासून कार्ब्युरेटरची जागा फ्यूएल इंजेक्शनने घेतली. दुचाकींमध्ये हा बदल बराच उशिरा, पण एका झटक्यात झाला. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकली-स्कूटरमधून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. आता इंजिनाचे तापमान एक सेन्सर मोजतो, आत येणाऱ्या हवेचे दुसरा. ईसीयू नावाचा छोटा संगणक त्यावरून पेट्रोल किती सोडायचे हे दर क्षणाला ठरवतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर आरपीएमचा काटा बाराशे-पंधराशेवर जातो आणि थोड्या वेळाने आपोआप आठशेच्या आसपास उतरतो. पूर्वी चोक ओढून चालक जे करत असे, तेच हे; फक्त आता ते गाडी स्वतः करते.

ऑइलही बदलले. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. थंडीत इंजिन फिरवता यावे इतपत ते पातळ राहते की नाही, याची चाचणी ५डब्ल्यू ऑइलसाठी उणे ३० अंशांवर होते, १०डब्ल्यूसाठी उणे २५ वर. पुण्यातली आठ अंशांची पहाट त्याच्या खिजगणतीतही नाही. इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा एक-दोन सेकंदांत विझतो, तेव्हा दाब तयार झालेला असतो.

उभ्या गाडीत इंजिन गरम होत नाही का?

होते, पण फार सावकाश. रिकामे फिरणारे इंजिन काम करत नाही, त्यामुळे कमी इंधन जाळते आणि उष्णताही कमी निर्माण करते. तीच गाडी हळूहळू चालवली तर इंजिनावर भार येतो आणि ते बऱ्याच कमी वेळात तापते. शिवाय इंजिन म्हणजे संपूर्ण गाडी नव्हे. गिअरबॉक्समधले ऑइल, चाकांचे बेअरिंग, शॉक ॲब्सॉर्बर, टायर हे सगळे रात्रभर गारठलेले असतात. गाडी तासभर उभी ठेवली तरी त्यातले जवळपास काहीच गरम होणार नाही.

उलट तोटाच होतो. थंड इंजिनात जादा पेट्रोल जात असते. त्यातले न जळलेले थेंब सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन काढतात आणि खाली झिरपून ऑइल पातळ करतात. ज्या झिजेपासून वाचण्यासाठी गाडी उभी ठेवली, तीच झीज त्यामुळे वाढते. बीएस-६ डिझेल गाड्यांचे दुखणे आणखी वेगळे आहे. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी, डीपीएफ, असते. ती स्वच्छ व्हायला भरपूर उष्णता लागते. उभ्या गाडीत ती उष्णता मिळत नाही, काजळी मात्र साचत जाते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरचे बिल हातात पडते.

इंधनाचा हिशेब साधा आहे. लहान पेट्रोल मोटार उभ्या उभ्या तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. रोजची दहा मिनिटे धरली तर महिन्याला अडीच ते पाच लिटर, तेही एक किलोमीटर न जाता.

धूर कोणाच्या घरात जातो?

हा मुद्दा गाडीच्या मालकाला सहसा दिसत नाही, कारण तो तेव्हा वरच्या मजल्यावर असतो. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायूंचे रूपांतर कमी घातक वायूंत करतो. पण तो साधारण अडीचशे-तीनशे अंशांना तापल्याशिवाय कामाला लागत नाही. त्यामुळे संपूर्ण प्रवासातल्या प्रदूषणाचा मोठा वाटा पहिल्या काही मिनिटांत बाहेर पडतो. गाडी उभी असेल तर तो सगळा एकाच जागी. त्यात हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण अशी स्थिती असते. धूर वर जात नाही, खालीच रेंगाळतो. ज्या खिडकीसमोर गाडी उभी, त्या घरातल्या दमेकरी आजोबांना आणि शाळेची तयारी करणाऱ्या मुलांना तो श्वासावाटे घ्यावा लागतो.

बंद गॅरेजमध्ये, शटर अर्धे ओढून किंवा हवा न खेळणाऱ्या बेसमेंटमध्ये गाडी सुरू ठेवणे तर थेट जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप आल्यासारखे वाटते आणि उठून दार उघडण्याची ताकदच राहत नाही. बर्फ पाहायला मनाली-काश्मीरला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायला हवे. बर्फात अडकलेल्या गाडीत हीटर लावून बसताना सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले असेल, तर तोच वायू आत येतो.

जर्मनीत रस्त्यावर गाडी विनाकारण सुरू ठेवायला वाहतूक नियमांतच मनाई आहे, आणि तिथली थंडी आपल्याहून कितीतरी कडक असते. आपल्याकडे हा विषय अजून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या कुरबुरीपलीकडे गेलेला नाही.

मग निघायचे कधी?

इंजेक्शनच्या गाडीत, सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा सल्लाही साधारण ३० सेकंदांनी सावकाश निघण्याचाच आहे. पट्टा लावणे, आरसे पाहणे, काचेवरचे दव पुसणे यात तेवढा वेळ जातोच. खरी काळजी त्यानंतरच्या पहिल्या चार-पाच किलोमीटरमध्ये घ्यायची. गाडी सौम्यपणे चालवायची, आरपीएम अडीच-तीन हजारांच्या वर न्यायचे नाही, चढावर इंजिनाला दमवायचे नाही. अनेक नव्या मोटारींत तापमानाचा काटा नसतो, त्याऐवजी निळा दिवा असतो. तो विझला तरी थोडा धीर धरावा, कारण पाणी आधी तापते आणि ऑइल त्याच्या मागून.

आणि थंड गाडीला ‘रेस’ देणे पूर्ण बंद. उभ्या उभ्या ॲक्सिलरेटर पिळून इंजिन लवकर तापते हा समज गॅरेजपासून कॉलेजपर्यंत सर्वत्र आहे. त्याने ऑइल नीट पसरण्याआधीच इंजिन जोरात फिरते. सकाळी सायलेन्सरमधून पांढरट वाफ आणि पाण्याचे थेंब आले तर घाबरायचे कारण नाही, ते जळणातून तयार झालेले पाणी असते. धूर निळसर असेल आणि गाडी तापल्यावरही थांबत नसेल, तर मात्र ऑइल जळते आहे.

कोणी थांबलेच पाहिजे?

बीएस-४ पर्यंतच्या बऱ्याच दुचाकी कार्ब्युरेटरवर आहेत आणि त्या रस्त्यावर अजून भरपूर दिसतात. त्यांनी चोक ओढून मिनिटभर थांबावे आणि निघताच चोक बंद करावा. उघडा राहिला तर स्पार्क प्लग काळा पडतो. डिझेल गाडीत चावी फिरवल्यावर स्प्रिंगसारख्या चिन्हाचा दिवा विझेपर्यंत थांबायचे, मगच स्टार्टर मारायचा. एसटी बस, ट्रक यांची गोष्ट निराळी. त्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि टाकीत पुरेसा दाब भरेपर्यंत गाडी हलवताच येत नाही. पहाटे डेपोत धडधडणाऱ्या एसटीला त्यामुळे दोष देता येणार नाही.

लडाखची थंडी हा तर वेगळाच प्रांत. तिथे उणे वीस-तीस अंशांत साधे डिझेलच गोठू लागते. म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल तिथे आणले. कॅनडा, नॉर्वेसारख्या देशांत लोक रात्री गाडीला विजेचा हीटर जोडून ठेवतात. म्हणजे तिथेही गाडी तापवण्यासाठी पेट्रोल जाळत उभे राहणे हा पहिला पर्याय नाही.

थंडीच्या दिवसांत सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मात्र जरूर माराव्यात. रात्रीच्या उबेला आत शिरलेले मांजर तेवढ्याने बाहेर पळते.