मैदान कोणाचें?

मुलांच्या खेळाविषयीं आपल्या समाजांत दोन मतें आढळतात. कांहीं पालक म्हणतात, खेळ हा अभ्यासाचा शत्रु; चेंडूमागें धावणारा मुलगा पुस्तकाला हात लावीत नाहीं. दुसरे म्हणतात, मुलानें खेळावें, परंतु ढाल जिंकून आणावी, वर्तमानपत्रांत नांव छापून यावें आणि पुढें नोकरीसाठीं त्याचा उपयोग व्हावा. हीं मतें वरवर परस्परविरुद्ध दिसलीं, तरी त्यांचें मूळ एकच आहे. दोन्ही पक्ष केवळ आपल्या मुलाचा लाभ व हानि पाहतात. शेजारचें मूल कोठें खेळतें, किंबहुना त्याला खेळावयास मिळतें कीं नाहीं, हा प्रश्न दोघांच्याही मनांत येत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

ह्या प्रश्नाचें एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत, नागपूर येथें, मिळालें आहे. स्कॉटिश मिशनऱ्यांनीं इ. स. १८८३ सालीं स्थापन केलेल्या हिस्लॉप कॉलेजांत श्री. विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. इ. स. २००१ च्या पावसाळ्यांत झोपडपट्टींतील कांहीं मुलें एक फुटकी बादली पायांनीं ढकलीत फुटबॉल खेळत असलेलीं त्यांच्या दृष्टीस पडलीं. त्या मुलांना खऱ्या चेंडूनें खेळावयास मिळावें म्हणून त्यांनीं झोपडपट्ट्यांतील संघांचे सामने भरविले. हेंच कार्य पुढें ‘स्लम सॉकर’ ह्या नांवानें वाढलें. निवृत्त होतांना हातीं आलेल्या पैशांतून श्री. बारसे यांनीं नागपूरजवळ त्यासाठीं जागाही घेतली. बेघरांची जागतिक फुटबॉल स्पर्धा २००३ सालीं ऑस्ट्रियांतील ग्राट्स शहरीं सुरू झाली. तींत पुढें ह्या संस्थेचे खेळाडू भारताच्या वतीनें खेळले. २०१६ सालीं जागतिक फुटबॉल महासंघानें संस्थेचा गौरव केला आणि २०२२ सालीं श्री. बारसे यांच्या कार्यावर आधारलेला ‘झुंड’ हा चित्रपट प्रकाशित झाला.

गौरव आणि चित्रपट हीं आनंदाचीं कारणें खरीं. परंतु मला महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. येथें खेळावयास येण्यापूर्वीं मुलानें कांहीं सिद्ध करून दाखवावें लागत नाहीं. तेथें वाढलेले तरुण पुढें लहानांचे शिक्षक होतात, मुलींसाठीं स्वतंत्र उपक्रम चालतात आणि चेंडूच्या निमित्तानें आरोग्य, शिक्षण व परस्परांशीं वागणूक ह्यांचे पाठ दिले जातात. आपल्याकडे शाळेचा संघ निवडतांना सोळा मुलें घेतात व उरलेल्या शेंकडोंना टाळ्या वाजविण्याचें काम देतात. नागपूरच्या कार्यांत ज्याची निवड झाली नसती त्याच्यापासूनच आरंभ होतो. तरुणांच्या क्रीडामंडळाची योग्यता त्याच्या कपाटांतील ढालींवरून ठरवूं नये. त्यानें कोणाला आंत घेतलें ह्यावरून ठरवावी, असें माझें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल कीं, नुसतें आंत घेऊन काय होणार? चार मुलें एकत्र जमलीं म्हणजे भांडणेंच व्हावयाचीं. ही शंका रास्त आहे. खेळ आपोआप माणसाला चांगलें बनवितो, असें मुळींच नाहीं. १९९४ च्या विश्वचषक स्पर्धेंत कोलंबियाचा खेळाडू आंद्रेस एस्कोबार याच्या पायानें चेंडू चुकून स्वतःच्याच गोलांत गेला. पुढें थोड्याच दिवसांत त्याच्या मेडेलीन शहरीं गोळ्या झाडून त्याचा खून झाला. परंतु त्याच शहरांत ह्या घटनेनंतर शांततेसाठीं फुटबॉल खेळण्याची चळवळ उभी राहिली. प्रत्येक संघांत मुलीही असाव्यात व संघाचा पहिला गोल मुलीनेंच करावा, असा नियम तेथें घालण्यांत आला. त्यामुळें जो मुलगा मुलीकडे चेंडू देत नसे, त्याला जिंकण्यासाठीं तरी तो द्यावाच लागला.

त्या चळवळींतून तीन भागांच्या सामन्याची पद्धत निघाली. नागपूरच्या संस्थेनेंही ती स्वीकारली आहे. पहिल्या भागांत दोन्ही संघ एकत्र बसून त्या दिवसाचे नियम ठरवितात. दुसऱ्या भागांत पंचावांचून खेळ होतो. तिसऱ्या भागांत पुन्हां बसून, ठरलेलें कोणी पाळलें व कोणी मोडलें ह्याची चर्चा करतात आणि एकमेकांना सद्वर्तनाचे गुण देतात. गोल व हे गुण मिळून निकाल लागतो. वाद मिटेना तर मध्यस्थ सहाय्य करतात. निवाडा मात्र मुलांनींच करावयाचा. शिट्टीच्या धाकानें पाळलेला नियम शिट्टी थांबतांच सुटतो. स्वतः घातलेला नियम मोडतांना मूल निदान क्षणभर तरी थबकतें.

मिशनरी शाळांना हा विषय नवा नाहीं. इ. स. १८९१ सालीं श्रीनगर येथील मिशन शाळेंत टिंडेल बिस्को यांनीं फुटबॉल आणला, तेव्हां चामड्याच्या चेंडूला स्पर्श करावयास ब्राह्मण विद्यार्थी तयार नव्हते. चेंडू तोंडावर आदळतांच एक मुलगा विटाळ झाला म्हणून रडूं लागला व त्याला धुण्यासाठीं पाण्यावर न्यावें लागलें. आज ती हकीकत वाचून आपणांस हसूं येतें. परंतु चामड्याचा विटाळ गेला म्हणून सर्व कुंपणें मोडलीं काय? आज बूट नसणें हें एक कुंपण आहे, वर्गणी हें दुसरें, आणि शाळेचें बंद फाटक हें तिसरें!

चेंडूनें पोट भरत नाहीं कीं घराचें भाडें भागत नाहीं, हें मला मान्य आहे. गरिबीचा प्रश्न मैदानावर सुटणार नाहीं. परंतु ज्या मुलाला दिवसभर कोणी नांवानें हांक मारीत नाहीं, त्याला ‘इकडे दे!’ म्हणून कोणी साद घालणें, ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून शाळेच्या चालकांस व पालकांस माझी नम्र सूचना अशी कीं, शाळा सुटल्यावर ओस पडणारें आपलें मैदान आठवड्यांतून दोन दिवस, एक एक तास, आसपासच्या वस्तींतील मुलामुलींसाठीं खुलें करावें. संघ चिठ्ठ्या टाकून पाडावे, म्हणजे आपले व परके असे दोन तट पडणार नाहींत. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें मध्यस्थाचें काम करावें व शिक्षकांपैकीं एकानें देखरेख ठेवावी. खर्च फारसा नाहीं. दोन चेंडू, थोडी फक्की व पिण्याचें पाणी एवढ्यावर आरंभ करतां येईल. बाहेरचीं मुलें आमच्या मुलांना बिघडवितील, अशी भीति कित्येक पालकांना वाटेल. त्यांनीं प्रथम दोन आठवडे स्वतः मैदानावर येऊन बसावें आणि मग मत बनवावें.

विद्यार्थिमित्रांनो, शेजारधर्माचा पाठ आपण प्रार्थनेच्या वेळीं नित्य ऐकतों. तो पाळावयास दूर जावें लागत नाहीं. शेजारी कुंपणापलीकडे उभा राहून आपला सामना पाहत असतो. त्याला आंत बोलवा, आणि त्या दिवसाचे नियम ठरवितांना प्रथम त्याचें मत विचारा.