लग्नाच्या फोटोमागची वेस

नगरकरांनो, माळ्यावरची ती पत्र्याची ट्रंक एकदा खाली काढा. आजोबांच्या लग्नातला ग्रुप फोटो, शाळेची सहल, नव्या सायकलीचं हँडल धरून ऐटीत उभा असलेला काका, जे काय निघेल ते सतरंजीवर पसरा. मग माणसांकडे न बघता त्यांच्या मागे काय दिसतं ते बघा. एखादी वेस असेल, तटाचा तुकडा असेल, आता पाडलेल्या वाड्याचा दिंडीदरवाजा असेल. मला बोलायचंय ते त्या मागच्या भागाबद्दल.

मलिक अहमदने पंधराव्या शतकाच्या अखेरीस सीनेकाठी हे शहर वसवलं आणि 1600 साली मोगलांनी किल्ला घेईपर्यंत इथे निजामशाहीची गादी नांदली. तेव्हाच्या नावाजलेल्या इमारतींचे जुने फोटो हवे असतील तर ते मिळतात. भुईकोट किल्ला, दमडी मशीद, फराहबाग यांच्याकडे इंग्रजी अमलातच कॅमेरे वळले होते. पुरातत्त्व खात्याने फोटो काढले, छावणीतल्या हौशी साहेबांनी काढले. त्यातले कितीतरी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत नीट जपलेले आहेत. अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून नगरला होतं, त्या पाद्री कुटुंबांनीही इथले फोटो आपल्या देशी नेले. पण साहेबाच्या फोटोत घुमट असतो, कमान असते, माणूस असलाच तर इमारतीची उंची कळावी म्हणून उभा केलेला. माळीवाडा वेशीतून बाजाराला निघालेली बैलगाडी, तटाला टेकून बांधलेली घरं, कापड बाजारातल्या लाकडी माड्या, यांचे फोटो काढायला कोण कशाला येईल? ते निघाले आपल्याच घरच्यांच्या हातून, तेही चुकून.

त्याला कारण होतं. आग्फा क्लिक-थ्री नावाचा डबडा कॅमेरा ज्यांच्या घरी होता त्यांना आठवत असेल, एका रोलमध्ये जेमतेम 12 फोटो. रोलला पैसे, धुवायला पैसे. मग फोटो काढायचा तर चांगल्याशा ठिकाणी जाऊनच काढायचा, असा रिवाज पडला. सहल शहा डोंगरावर चांदबिबीच्या महालाला जायची, पाहुणे आले की फराहबाग दाखवायची. 1583 साली पुरी झालेली ती इमारत एका तळ्याच्या मधोमध बांधलेली. तुमच्या आत्याच्या फोटोत मागे त्या तळ्यात पाणी दिसत असेल, किंवा भिंतीवरची चुन्याची नक्षी आजच्यापेक्षा जास्त शाबूत असेल, तर तो फोटो एकट्या आत्याचा राहिला नाही. उद्या दुरुस्ती करणाऱ्याला त्या जागी नक्षी कशी होती हे ठरवायचं झालं, तर जुन्या फोटोइतका सरळ पुरावा दुसरा नसतो.

आता कामाचं. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका. पुढच्या बाजूला वळ उठतो आणि शाई पाझरते. मऊ पेन्सिल घ्या, कडेला हलक्या हाताने लिहा: कोण, कुठे, साधारण कधी. साल नक्की नसेल तर 'अंदाजे' लिहायला लाजू नका. खोटं पक्कं साल लिहिण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. कोणी सांगितलं त्याचं नावही लिहा, म्हणजे उद्या शंका आली तर विचारायला जागा राहते. आणि जागेचं नाव नीट. सगळं गाव ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतं, ती तीनमजली अष्टकोनी इमारत सलाबतखानाची कबर आहे. दोन्ही नावं लिहावीत. नुसतं गावातलं लिहिलं तर बाहेरच्याला कळणार नाही आणि नुसतं पुस्तकातलं लिहिलं तर आपल्याच नातवाला कळणार नाही.

साल काढायला फोटोच मदत करतो. दुकानावरची पाटी वाचा, सिनेमाचं पोस्टर बघा, विजेचे खांब आहेत का ते बघा. मोटारीवर 'एमएच-16' दिसलं की तो फोटो 1989 च्या आधीचा नाही, हे ठरलं. आणि जुना फोटो म्हणजे काळा-पांढराच, असंही समजू नका. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं. त्यामुळे स्टेशनवरची, एसटी स्टँडवरची 'अहमदनगर' अशी पाटी दिसणारा तुमच्या मोबाइलमधला फोटोसुद्धा आता इतिहासात जमा झालाय. नाव कुणाला आवडो न आवडो, पाटी होती तशी नोंदलेली असावी.

ऐंशीच्या दशकात चिकट पानांचे अल्बम निघाले होते, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले. ते फोटोचे वैरी आहेत. पानावरचा गोंद पिवळा पडतो आणि फोटो खातो. त्यातले फोटो काढायचे तर ओढाताण करू नका. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. नाहीच निघाला तर आहे तिथेच त्याचा फोटो काढून ठेवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन अजिबात नको; ते पुन्हा सुटत नाही. निगेटिव्हची पाकिटं 'आता कशाला' म्हणून भंगारात देऊ नका, कारण कागदावरच्या फोटोत नसलेले बारकावे त्यात असतात. पाकीट उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती फिल्म कुजायला लागलीय. ती इतरांपासून वेगळी ठेवा आणि आधी तिचं स्कॅनिंग करा.

स्कॅन किमान 600 डीपीआयवर, काडेपेटीएवढा फोटो असेल तर 1200 वर. व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जाऊन बारकावे जातात. हल्ली एक नवीच हौस आलीय, जुन्या फोटोत रंग भरून घ्यायची. खुशाल भरा, पण मूळ स्कॅन तसंच वेगळं राहू द्या. यंत्र न दिसणाऱ्या गोष्टी अंदाजाने भरतं; वेशीच्या दगडाचा रंग त्याला कुठून माहीत? दुसऱ्याच कुठल्या शहरातला घुमट 'आपलं जुनं नगर' म्हणून ग्रुपवर फिरतो आणि शंभर जण त्याला हात जोडतात, तसा प्रकार आपल्या हातून व्हायला नको. नगरला सांगण्यासारखं पुष्कळ आहे, उसनं आणायची गरज नाही.

मूळ फोटो कुणाला द्यावेत असं माझं म्हणणं नाही. ते घरातच शोभतात. स्कॅनची प्रत मात्र घराबाहेर गेलीच पाहिजे, कारण एक पावसाळा, एक वाळवी, एक घरबदल, एवढ्यात सगळं संपतं. नगरला 1960 पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, तिथे विचारा. तुमच्या शाळेत, कॉलेजात, चर्चमध्ये, देवस्थानात जुनी दप्तरं असतील तर तिथेही एकेक प्रत द्या. देताना यादी द्या आणि पोच घ्या. आपल्याकडे पोच मागणं उद्धटपणाचं समजतात. ते चूक आहे. पोच असली की संस्थेलाही वस्तूची आठवण राहते.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत होते. लोकांच्या माळ्यावर ते कागद वाळवी खात होती आणि उरलेल्यांच्या वाण्याकडे पुड्या होत होत्या. आज पाळी अल्बमची आहे. वाडा पाडून इमारत उभी राहते, नवीन फ्लॅटमध्ये ट्रंकेला जागा नसते, आणि रद्दीवाला किलोवर नेतो. बंद पडलेल्या स्टुडिओंच्या निगेटिव्हही अशाच गेल्या. एखाद्या म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या माडीवर अजून खोकी पडून असतील, तर त्याच्या मुलांशी आधी बोला.

तोफखाना, नालेगाव, झेंडीगेट, भिंगार, कुठलीही गल्ली घ्या, प्रत्येक ठिकाणी ऐंशी ओलांडलेलं कुणीतरी आहे. फोटो घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. मागची भिंत कुणाच्या वाड्याची, ती कधी पडली, आड कुठे होता, हे त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. स्कॅनिंग दिवाळीनंतर केलं तरी चालेल. त्यांना विचारायचं काम या रविवारी करा.