करपलेले कलम उपटू नका



हापशाजवळचे आंब्याचे कलम तुम्ही येताना पाहिलेच असेल. पाने तपकिरी झाली आहेत, शेंडा काळा पडला आहे. ते केशरचे कलम आहे. जुलै महिन्यात आम्ही सातवीच्या मुलांनी ते लावले. संक्रांतीच्या आठवड्यात एका रात्री फार कडाक्याची थंडी पडली. सकाळी प्रार्थनेला आलो तर मैदानातल्या गवतावर मीठ सांडल्यासारखे पांढरे पांढरे दिसत होते. दुपारपर्यंत कलमाची पाने उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी मऊ पडली. मग ती करपली.

गेल्या शनिवारी वर्गात मत घेतले. बावीस जण म्हणाले, "उपटा आणि नवीन लावा." नऊ जण म्हणाले, "थांबा." मी त्या नऊ जणांत आहे. गुरुजी म्हणाले, "तुझं मत आहे ना, मग कारणं लिहून काढ." म्हणून हा लेख.

पहिले कारण असे, की कलम मेलेले नाही. मी नखाने साल हळूच खरवडून पाहिली. शेंड्याकडे आत तपकिरी आहे, म्हणजे तो भाग गेला. पण खाली, जोडाच्या वर चार बोटे, साल आतून हिरवीगार आहे. हिरवे म्हणजे जिवंत. आमची आजी म्हणते, "अगं, झाड मेलं का झोपलं, ते ऊन तापल्यावर कळतं."

काही मुले म्हणतात, निदान करपलेल्या फांद्या तरी आजच छाटू. मला तेही पटत नाही. कुठपर्यंत वाळले आहे ते आत्ता नीट कळत नाही. आपण जिवंत फांदीही कापून बसू. शिवाय थंडी अजून गेलेली नाही. वाळकी पाने आतल्या डोळ्यांवर पांघरुणासारखी राहतात. नवी पालवी फुटली, की जिवंत भाग कुठे संपतो ते दिसेल. तेव्हा तिथे छाटावे आणि कापलेल्या जागी मोठ्या माणसांकडून बोर्डो पेस्ट लावून घ्यावी. द्राक्षबागवाल्यांच्या घरी ती असतेच.

तोपर्यंत युरिया टाकू नये. आजारी माणसाला आपण एकदम पुरणपोळी वाढत नाही, पेज देतो. तसेच हे. पाणीसुद्धा बेताचे द्यावे. पाने नाहीत, तर झाड पाणी पिणार किती? चिखल झाला तर मुळे कुजतील. आणि ऊन वाढले, की पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा आडोसा करावा. सावली गेल्यामुळे कोवळी साल भाजते.

एक गोष्ट मात्र नीट बघायला हवी. फुटवा जोडाच्या वर आला तर तो केशरचा. जोडाच्या खाली आला तर तो खुंटाचा, म्हणजे रायवळचा. वरचा भाग जिवंत असेल तर खालचे फुटवे काढून टाकावेत, नाहीतर तेच जोर धरतील. समजा वरचे सगळे वाळले, तरीही बिघडत नाही. खुंट जिवंत असेल तर पावसाळ्यात त्यावर पुन्हा कलम बांधता येते. सात महिन्यांची मुळे आपण का फेकून द्यायची?

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. नवीन कलम लावले, तरी पुढच्या वर्षी थंडी येणारच. आपल्या निफाड तालुक्यात ती काही नवी नाही. डिसेंबर २०१८ मध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. आपण काही शिकलो नाही, तर नवीन कलमही करपेल. मग तेही उपटायचे का?

शाळेत दोन कलमे लावली होती. वर्गाच्या भिंतीजवळचे वाचले, हापशाजवळचे करपले. गुरुजींनी सांगितले, की थंड हवा जड असते. वारा नसलेल्या, आभाळ निरभ्र असलेल्या रात्री ती सखल जागी साचते. हापशाकडची जागा सखल आहे. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते.

आता खरे सांगते. त्या दिवशी कलमाची पाळी माझ्या गटाची होती. संध्याकाळी पाणी घालायचे होते, कारण ओली जमीन दिवसाची ऊब रात्री जास्त वेळ धरून ठेवते. आम्ही लंगडी खेळत बसलो आणि तसेच घरी गेलो. दुसऱ्या दिवशी गोणपाट घेऊन धावलो, पण ते वरातीमागून घोडे! कोणी म्हणेल, चूक लपवायला ही कलमाची बाजू घेते. तसे नाही. उपटले असते तर चूक लवकर झाकली गेली असती.

पालकहो, द्राक्षे वाचवायला तुम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवता, ठिबक चालू ठेवता. आमच्या कलमाला चार काठ्या, एक गोणपाट आणि बादलीभर पाणी पुरे. गोणपाट पानांना टेकू नये आणि सकाळी काढावे, एवढेच.

माझे म्हणणे असे, की गुढीपाडव्यापर्यंत थांबावे. तोपर्यंत जोडाच्या वर किंवा खाली काहीच फुटले नाही आणि साल खालपर्यंत तपकिरी झाली, तर मी स्वतः कुदळ घेऊन येईन. पण आत्ता नको. त्या बावीस जणांनी एकदा नखाने साल खरवडून बघावी, आणि मग पुन्हा हात वर करावा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी