आढ्यवात आणि डब्यांची बाजारपेठ

आयुर्वेदाने काही व्याधींना अशी नावे दिली आहेत की, त्या एका शब्दातच समाजाच्या राहणीचे निदान सामावलेले असते. मध्यरात्री पायाच्या अंगठ्याचा सांधा एकाएकी लालबुंद होऊन सुजतो आणि अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, अशा व्याधीला आज आपण ‘गाऊट’ म्हणतो. तिच्याशी बरेचसे जुळणारे वर्णन चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘वातरक्त’ या नावाने येते. या वातरक्ताचेच एक पर्यायी नाव आहे ‘आढ्यवात’. आढ्य म्हणजे धनवान. सुखासीन भोजन, मद्य, दिवसा निद्रा व रात्री जागरण, चालण्याचा कंटाळा आणि वाहनावरून सततचा प्रवास ही त्याची कारणे तेथे नोंदलेली आहेत. तेव्हाची वाहने घोडे आणि उंट ही होती, आज ती चारचाकी आहेत.

हे वर्णन वाचताना मुळशी तालुक्यातील हिंजवडी डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाही. तीन-चार दशकांपूर्वी हे भातखाचरांचे गाव होते. चिखलणी, लावणी, कापणी यांत माणसाचे पाय दिवसभर राबत. औद्योगिक विकास महामंडळाने येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान वसवले आणि गावाचे रूप पालटले. या उद्योगाने हजारो मराठी घरांत सुबत्ता आणली, हे कृतज्ञतेने मान्य करायलाच हवे. मात्र त्याबरोबर आठ-दहा तासांची बैठक, वाहनांच्या कोंडीतले तास, परदेशातील घड्याळाप्रमाणे चालणारी रात्रपाळी, बाटलीबंद गोड पेये आणि आठवड्याच्या अखेरीस बिअर व सामिष भोजन असा दिनक्रमही आला. साठीतील आजोबांचे दुखणे समजले जाणारे विकार पस्तिशीच्या अभियंत्याच्या दारी उभे राहिले, तर त्यात नवल ते कोणते?

खेद वाटतो तो पुढच्या प्रकाराचा. सांधा दुखला की औषधाच्या दुकानातून ‘सांध्यांसाठी’ म्हणून विकला जाणारा महागडा डबा घरी येतो. ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, कोलॅजेन ही त्यातील द्रव्ये सांध्यांतील कूर्चेशी निगडित आहेत. कूर्चा झिजल्याने होणाऱ्या गुडघेदुखीवरही त्यांची मातब्बरी सिद्ध झालेली नाही. अमेरिकेत शासकीय निधीतून १,५८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन ही द्रव्ये एकंदर रुग्णांत निव्वळ पिठाच्या गोळीपेक्षा विशेष सरस ठरली नाहीत. गाऊटची तर जातकुळीच वेगळी. त्याचे मूळ रक्तातील युरिक आम्लात आहे. हे आम्ल दर शंभर मिलिलीटर रक्तात सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते विरघळलेले राहू शकत नाही. त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात आणि शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांच्यावर तुटून पडते. पायाचा अंगठा तुलनेने थंड असल्याने स्फटिकांना तेथे अधिक वाव मिळतो. कूर्चेचे खाद्य म्हणून विकली जाणारी भुकटी या स्फटिकांचे काय करणार?

आणखी एक गोष्ट शाकाहारी कुटुंबांनी ध्यानात घ्यावी. ग्लुकोसामाइन बहुधा खेकडे व कोळंबी यांच्या कवचापासून काढतात आणि कोलॅजेन जनावरांच्या वा माशांच्या कातडी-हाडांपासून. म्हणून वेष्टनावरील हिरवी वा तपकिरी खूण पाहावी. त्याच वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा आशयाची इंग्रजी सूचना आपल्याच देशाच्या नियमानुसार छापलेली असते. विक्रेता कायद्याने जे कबूल करतो, ते ग्राहकाने वाचू नये, याला काय म्हणावे?

घरातील दुसरी चूक स्वयंपाकघरात होते. युरिक आम्ल वाढल्याचे कळताच वरण, उसळ, पालक, टोमॅटो ताटातून हद्दपार होतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ४७,१५० पुरुषांच्या बारा वर्षांच्या निरीक्षणात मांस व मासे अधिक खाणाऱ्यांत गाऊट अधिक आढळला. प्युरीनयुक्त भाज्यांचा मात्र संबंध दिसला नाही, आणि दूधदुभते घेणाऱ्यांत तो कमीच आढळला. त्याच निरीक्षणगटात मद्यांपैकी बिअरचा दोष सर्वाधिक ठरला, आणि साखर घातलेल्या शीतपेयांचाही दोष पुढे २००८ साली उघड झाला. म्हणजे आपल्या पंगतीतले वरण आणि ताक निर्दोष, आणि थंड कपाटातली बाटली दोषी! वजन हळूहळू उतरवावे. कडकडीत उपवासाने ते झपाट्याने उतरवू पाहिल्यास झटका येऊ शकतो. निर्जळ उपवास करणाऱ्या गाऊटच्या रुग्णाने हे विशेष लक्षात ठेवावे. व्रताचा संकल्प पाणी पिऊनही पाळता येतो.

तथापि पथ्याचीही मर्यादा आहे. युरिक आम्लाचा मोठा भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो आणि ती क्षमता बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. त्यामुळे निर्व्यसनी, शाकाहारी गृहस्थालाही गाऊट होतो. त्याच्याकडे संशयाने पाहणे अन्यायाचे आहे. ही लाजच अनेकांना वैद्यापासून दूर ठेवते. मग वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्यांवर दिवस निघतात, सांधा कायमचा वाकतो आणि मूत्रपिंडेही दुखावतात. कर्त्या वयातील माणसाच्या मूत्रपिंडाचे मोल संसाराला किती मोजावे लागते, हे ज्यांनी मोजले आहे त्यांनाच ठाऊक.

वस्तुतः हा आटोक्यात येणारा रोग आहे. वारंवार झटके येत असतील, तर अ‍ॅलोप्युरिनॉलसारखे औषध अल्प मात्रेने सुरू करून युरिक आम्ल ६ च्या खाली आणायचे आणि तेथेच ठेवायचे, असे अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचे २०२० चे मार्गदर्शन सांगते. त्याच मार्गदर्शनात गाऊटसाठी ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत, असेही सुचवले आहे. औषधाच्या प्रारंभीच्या काही महिन्यांत झटके येऊ शकतात. ‘औषधाने दुखणे वाढवले’ असे समजून अनेकजण नेमके तेव्हाच ते सोडतात. वास्तविक त्या काळासाठी डॉक्टर वेगळे संरक्षक औषध देतात. अंगावर पुरळ उठले, तर मात्र औषध थांबवून तत्काळ डॉक्टरांना गाठावे. झटका चालू असताना रक्ततपासणी सामान्य येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी. उलटपक्षी, कंपनीच्या वार्षिक तपासणीत आकडा वाढलेला आहे, पण सांधा कधीच दुखलेला नाही, अशा व्यक्तीला सहसा औषध लागत नाही. राहणी सुधारणे पुरते.

आयुर्वेदाभिमान बाळगणाऱ्यांनाही एक विनंती. वातरक्तात गुळवेलीचे माहात्म्य मोठे आहे, परंतु चरकांनी वैद्यावाचून औषध सांगितलेले नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत कोल्चिसिन हे गाऊटवरचेच द्रव्य असते, आणि तिचा कंद खाऊन माणसे दगावतात. तेच द्रव्य मोजून दिले तर औषध, न मोजता घेतले तर विष. नाव-गाव नसलेल्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळून तात्काळ आराम विकणारेही आहेत. शास्त्राचा अभिमान धरायचा, तर शास्त्राची शिस्तही अंगी बाणवायला हवी.

चरकांच्या त्या यादीत एकही गोष्ट बाजारात विकत मिळणारी नाही. चालणे, वेळेवर झोपणे, मितभोजन, मद्यत्याग यांचा डबा कोणी काढलेला नाही आणि काढणारही नाही. डब्यांवर जाणारा पैसा वाचवून त्यातून वर्षातून दोनदा रक्ताची तपासणी आणि डॉक्टरांची भेट घडवली, तर हिंजवडीतला तरुण साठाव्या वर्षीही आपल्या पायांनी टेकडी चढेल. सुबत्ता आली आहे, ती नांदावी. तिच्यामागून आलेला आढ्यवात मात्र उंबऱ्याबाहेर राहावा, एवढी दक्षता प्रत्येक घराने घ्यायला हवी.