वहीचं पान भरलं तर?

बिटकॉइनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. या आभासी चलनाचा हिशेब कुठलीच बँक ठेवत नाही. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच वही असते आणि साधारण दर १० मिनिटांनी तिला एक नवं पान जोडलं जातं. त्या पानाला म्हणतात ‘ब्लॉक’.

२०१० साली या पानाला १ मेगाबाइटची मर्यादा घातली गेली. आता करा बरं गणित! एका व्यवहाराला २५० बाइट धरले, तर पानावर मावतात ४,००० व्यवहार. म्हणजे सेकंदाला जेमतेम ६-७!

मग गर्दी झाली की? पान भरणारे संगणक जादा शुल्क देणाऱ्यांना आधी घेतात, बाकीचे बसतात ताटकळत. डिसेंबर २०१७ मध्ये तर सरासरी शुल्क ५० डॉलरच्या वर गेलं होतं!

‘मग पान मोठं करा की!’ असंच काही जण म्हणाले. पण वही फुगली, तर ती साध्या संगणकांना झेपणार नाही, मूठभरांच्याच हाती जाईल, अशी इतरांना भीती. या वादातून १ ऑगस्ट २०१७ रोजी ‘बिटकॉइन कॅश’ वेगळं झालं. त्याचं पान तेव्हा ८ मेगाबाइटचं होतं. मूळ बिटकॉइनने त्याच महिन्यात वेगळी युक्ती केली. व्यवहारावरच्या सहीची जागा पाव हिश्शानेच मोजायची!

सांगा पाहू, तुम्ही कोणती बाजू घ्याल? आईबाबांनाही विचारा हं!