यंत्र जुने की आज्ञा नवी?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीला दिला जाणारा सर्वसाधारण आधार काढून घेतला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. म्हणूनच या घटनेची व्हावी तेवढी चर्चा आपल्याकडे झाली नाही. परंतु जगभरातील कोट्यवधी धडधाकट यंत्रांवर त्या दिवशी सक्तीची निवृत्ती लादली गेली.

प्रणालीत छिद्रे सापडतच असतात आणि ती बुजविणाऱ्या दुरुस्त्या कंपनी वेळोवेळी पाठवीत असते. त्या थांबल्या की यंत्र चालत राहते, पण घराला कडी उरत नाही. नवी ‘विंडोज ११’ घ्यावी, तर तिला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-चिप लागते. शिवाय इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद वगळता, २०१७ च्या उत्तरार्धात आलेल्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. म्हणजे त्या वर्षाच्या आरंभी घेतलेले यंत्र आठ वर्षांतच जातिबहिष्कृत ठरले!

कंपनीची बाजू अगदीच लटकी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. चोरट्यांचे उपद्रव वाढले आहेत, आणि प्रत्येक जुन्या भागासाठी नवी प्रणाली तपासून घेण्यास श्रम व पैसा लागतो. १९९१ मध्ये ज्या ‘३८६’ प्रोसेसरवर लिनक्सचा जन्म झाला, त्यालाच लिनक्सने २०१३ मध्ये निरोप दिला. मात्र तो प्रोसेसर १९८५ चा होता आणि खुद्द इंटेलने त्याचे उत्पादन २००७ मध्ये थांबविले होते. वार्धक्याने आलेली निवृत्ती वेगळी आणि ऐन उमेदीत दिलेला नारळ वेगळा.

खरी मेख पुढेच आहे. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या देऊ करताना कंपनीने ३० डॉलर हा त्यांपैकी एक मार्ग ठेवला. व्यापारी संस्थांना पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, असा तीन वर्षांचा दर लावला. शिक्षणसंस्थांना तो नाममात्र आहे, हे मान्य. पण मुदत तीच. पैसे मोजताच दुरुस्ती मिळत असेल, तर अडचण तंत्राची नसून हिशेबाची आहे, हे उघड होते.

आपल्या तालुक्यांतील शाळा, पंचायती आणि वाचनालये एकदा घेतलेला संगणक मोडेपर्यंत वापरतात. हा मागासलेपणा नव्हे, काटकसर होय. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन विद्युत-कचरा साचला आणि त्याच्या पाव हिश्शाचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम यंत्र भंगारात गेल्यानंतरची जबाबदारी उत्पादकावर टाकतात. चालते यंत्र भंगारात ढकलणाऱ्या प्रणालीविषयी ते मौन पाळतात. युरोपीय संघाने मात्र जून २०२५ पासून स्मार्टफोनसाठी दंडक घातला आहे: विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे प्रणालीच्या दुरुस्त्या मिळाल्या पाहिजेत. संगणकांना हा न्याय का नसावा?

केंद्राने असा कायदा करावाच. पण तोवर गोवा सरकारने हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. सरकारी खरेदीच्या करारात दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, हे लेखी घ्यावे. कोणतेही यंत्र मोडीत काढण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालवून पाहावे. केरळच्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरची वाट कधीच धरली आहे. काही खात्यांची कामे विंडोजवाचून अडतात, हे आम्ही जाणतो. पण पत्र टंकित करावयास किंवा वाचनालयाची सूची ठेवावयास ती अडचण येत नाही. जनतेच्या पैशाने घेतलेले यंत्र कधी थकले, हे ठरविण्याचा अधिकार जनतेच्याच हाती असला पाहिजे.